पहिली वेलांटी

रस्ता खणला होता म्हणून बसथांबा शंभर पावलं पुढे सरकवला, एवढंच निमित्त. नाहीतर सत्तावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ त्याच चौकातून जाऊनही त्या काळ्या दगडाकडे त्यानं कधी धड पाहिलं नव्हतं. चौकात लढाईत गेलेल्यांचं स्मारक आहे हे त्याला माहीत होतं, पण कोपऱ्यावर टपालपेटी आहे हे माहीत असतं तितपतच. दीड पुरुष उंचीचा दगड, माथ्यावर कोरलेलं शिरस्त्राण, त्यावर बहुतेक वेळा एखादं कबूतर, आणि खाली चार रांगांत या शहरातल्या माणसांची नावं. त्या संध्याकाळी बसला उशीर होता आणि नवा थांबा नेमका दगडासमोर होता. त्यानं नावं वाचली. वाचायचं असं काही ठरवलं नव्हतं. अक्षरं समोर आली की त्याचे डोळे आपोआप कामाला लागत आणि मन दुसरीकडेच, घरी न्यायच्या औषधांभोवती वगैरे, फिरत राही. तिसऱ्या रांगेत त्याला ठेच लागली. पायाला लागावी तशीच, पार मस्तकात गेली. वरून आठवं नाव आणि नववं नाव एकच होतं. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं तेच. फरक एवढाच की आठव्यात दुसरी वेलांटी होती आणि नवव्यात पहिली. त्यानं पुढे होऊन बोट लावून पाहिलं. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता, अक्षरांच्या खाचांत धूळ बसली होती. बस आली, थांबली, गेली. मागचा एकजण म्हणालासुद्धा, "अहो, तुमचीच ना ही?" पण तो वेलांटीत बोट घालून तसाच उभा राहिला.

छापखान्यात त्याला सगळे रफार म्हणत. अंगानं बारीक, पाठीत थोडा वाकलेला आणि कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला, म्हणून रफार. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. काम मुद्रितं तपासायचं. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवतात ती बारीक अक्षरांची पत्रकं, परीक्षांची वेळापत्रकं, यंत्रं कशी जोडावीत त्याच्या पुस्तिका, जे कुणी आपणहून वाचत नाही ते सगळं रफार पगार घेऊन वाचत असे. एकदा लहान मुलांच्या औषधाच्या मात्रेत पडलेला एक जास्तीचा शून्य त्यानं पकडला होता. ती गोष्ट सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली येई. ज्या मुलांचे जीव त्या शून्यानं गेले असते ती आता मोठी झाली असतील, कुठेतरी नोकऱ्या करत असतील, त्यांना या माणसाचा पत्ताही नाही, या विचारानं त्याला एक गुपचूप सुख होई. चूक लहान नसते आणि मोठी नसते, चूक ही चूक असते, असं तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगे, आणि नवी माणसं दुसऱ्या दिवसापासून त्याला टाळू लागत. बायको म्हणे, "अहो, जेवताना तरी डोळे मिटा. ताटात काय चुकलंय ते तोंडाला कळेल." तो हसे, पण मिठाच्या पुडीवरचं वाचतच असे.

दगडाच्या पायथ्याशी एक कागद चिकटवलेला होता. दगड झिजला आहे, नवा बसवायचा आहे, नावांत कुणाला दुरुस्ती सुचवायची असल्यास पंधरा दिवसांच्या आत नगर कार्यालयात लेखी द्यावी. त्याला वाटलं, हा कागद आपल्यासाठीच लावला आहे. दुसऱ्या दिवशी तासभर सुट्टी काढून तो कार्यालयात गेला. स्मारकांचं टेबल एका पन्नाशीच्या बाईंकडे होतं. चष्मा गळ्यात, टेबलावर पाण्याची बाटली आणि नावांच्या याद्यांचा ढीग. बाराव्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे एकही माणूस आला नव्हता. त्यानं अर्ज पुढे केला: तिसरी रांग, नाव आठ व नऊ, एकच नाव दोनदा, पैकी नववं शुद्धलेखनदृष्ट्याही चूक, सबब वगळावं. बाईंनी तो दोनदा वाचला. "कमाल आहे तुमची," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं हजारो लोक फुलं वाहून गेले, कुणाच्या ध्यानात आलं नाही." तो म्हणाला, "फुलं वाहणारे वाचत नाहीत, बाई." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की परतताना बसमध्ये त्यानं ते मनात आणखी दोनदा म्हटलं.

घरी मात्र तो काही बोलला नाही. का बोलला नाही हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाबा नेहमीच्या खुर्चीत, खिडकीशी, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसले होते. वय ऐंशी. ऐकू कमी येई, पण डोळे अजून धारदार. वर्तमानपत्रातल्या चुकांना ते पेन्सिलीनं गोल करत आणि पेपर त्याच्यासाठी ठेवत. दोघांचं बोलणं असं बहुतेक त्या गोलांतूनच चाले. शुद्धलेखन त्याला बाबांनीच शिकवलं होतं. संध्याकाळी पाठ टेकायच्या आधी दहा ओळी, बाबा सांगणार, तो लिहिणार, आणि चुकलेला शब्द वीस वेळा. "लिहिलेलं एकदा हातातून गेलं की आपलं राहत नाही," बाबा म्हणत. "म्हणून आहे तोवर नीट बघ." त्या वेळी त्याला वाटे, बाबांना असल्या गोष्टी शोभत नाहीत. बाबा लढाईत होते. पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात पलटणीचा आकडा होता, भिंतीवर गणवेशातला फोटो होता. शाळेत दुसऱ्या एकाच्या वडिलांनी म्हणे पूल उडवला होता. दहा वर्षांचा असताना त्यानं एकदा मनाचा हिय्या करून विचारलं, "बाबा, तुम्ही किती जणांना मारलं?" बाबा बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "मी टाईप करत होतो." दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं सांगितलं, सात. पुढे कितीतरी दिवस त्या साताची त्याला लाज वाटत राहिली, आणि खरं म्हणजे लाज साताची नव्हती, टाईपची होती. सगळे लढत असताना आपला बाप तंबूत बसून टाईप करत होता. ही गोष्ट त्यानं लग्न झाल्यावर बायकोलासुद्धा उशिरा सांगितली, आणि सांगितली तीही विनोदासारखी.

अर्ज दिला तरी ती वेलांटी काही सुटेना. छापखान्यात समोर खोकल्याच्या औषधाचं पत्रक आणि डोळ्यांपुढे ती दोन नावं. एक विचार छळत होता. कोरणारा माणूस चुकला असेल तर गोष्ट सोपी आहे; पण तो समोर ठेवलेली यादी बघून कोरतो. मग यादीतच नाव दोनदा होतं, आणि तेही दोन तऱ्हांनी. यादी लिहिणारा अडाणी होता म्हणावं तर बाकी एकशे बहात्तर नावांत एकही चूक नव्हती. ती नावं त्यानं एकेक करून तपासली होती. एवढा काटेकोर माणूस एका ठिकाणी असा झोपतो? रविवारी तो दोन बस बदलून शहराबाहेरच्या सैनिकी दफनभूमीवर गेला. बायकोला सांगितलं, कामाचं आहे. ती म्हणाली, "थडग्यांचीही मुद्रितं आली का आता?"

बाहेरून शाळेसारखी दिसणारी जागा. लोखंडी फाटक, आत कापलेलं गवत, आणि एकाच उंचीचे पांढरे दगड, इतक्या सरळ ओळींत की कुठूनही पाहा, तिरकी ओळसुद्धा सरळच दिसे. एवढी शिस्त पाहून त्याला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. या दगडांखाली जे होते त्यांना ओळीत उभं राहायचा कंटाळा आला असेल, आणि मेल्यावरही पुन्हा ओळीतच. वयं लिहिलेली होती. एकवीस, एकोणीस, तेवीस, वीस. तो त्रेपन्न वर्षांचा होता. इथल्या कुणालाही तो बाप शोभला असता, आणि हे सगळे तर त्याच्या बापाच्या वयाचे. हिशेब कुठेच जुळत नव्हता. वाऱ्यावर गवताचा ओला वास येत होता, लांब कुणीतरी पाण्याची नळी ओढत होतं. चालता चालता तो वाचत होता आणि पहिल्यांदाच त्याला वाचताना दम लागत होता, कारण इथं प्रत्येक ओळीखाली एक माणूस होता, आणि ओळ संपली तरी तो संपत नव्हता.

नाव सापडलं मागच्या बाजूला, कुंपणाजवळ. एकच दगड, आणि त्यावर पहिली वेलांटी. म्हणजे चुकीची. त्याला प्रथम रागच आला. चौकातल्या दगडावर निदान एक नाव तरी बरोबर होतं, इथं तर माणूस कायमचा चुकीच्या नावाखाली झोपलेला. दुसरा अर्ज करायला हवा, असं मनात म्हणत तो खाली वाकला, आणि नावाखालचा आकडा त्यानं वाचला. पलटणीचा आकडा. तो आकडा तो लहानपणापासून ओळखत होता. ट्रंकेवर चढून बसला की पायांच्या मधून तो उलटा दिसे.

"त्यांचे कोण तुम्ही?" मागून आवाज आला. नळी ओढणारा माळी होता, उघड्या पायांना चिखल. "कुणी नाही," रफार म्हणाला. "मग असू दे. मला वाटलं, आजोबांकडचं कुणी असेल." कोण आजोबा, त्यानं विचारलं. माळी म्हणाला, "येतात ना दरवर्षी. थंडी संपताना. इस्त्रीचा शर्ट, काळी छत्री, हातरुमाल ओला करून दगड पुसतात. मी बारा वर्षं बघतोय, माझ्या आधीचा माळीही सांगायचा. गेली दोन वर्षं मात्र आले नाहीत. गेले असतील बिचारे." आणि नळी दुसऱ्या ओळीकडे ओढत तो निघून गेला.

रफार गवतातच बसला. काळी छत्री घरी दारामागे खुंटीला अजून टांगलेली होती. वर्षातून एका सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच बाहेर पडत आणि दुपारी येऊन न बोलता जेवत. पलटणीच्या जुन्या मित्रांकडे जातात, असं घरात सगळे धरून चालले होते. आई हयात असताना म्हणायची, "ह्यांची दुसरी तिकडे राहते. वर्षाचा एकच दिवस मागते बिचारी, देऊन टाकलाय." दोन वर्षांमागं गुडघे गेले आणि ते जाणंही बंद पडलं; कुणी विचारलं नाही. आता त्याच्या डोक्यात सगळं आपोआप जुळत गेलं, मुद्रित जुळतं तसं. यादी कुणी टाईप केली? पलटणीच्या कारकुनानं. नाव दोनदा कुणी घातलं? त्यानंच. एकशे बहात्तर नावं बिनचूक लिहिणाऱ्या माणसाच्या हातून एकदाच चूक झाली आणि ती लपवायला म्हणा, धुवायला म्हणा, तो पन्नास वर्षं ओल्या रुमालानं दगड पुसत राहिला. चुकलेला शब्द वीस वेळा. बापाची चूक आपण पकडली. हे वाक्य मनात आलं तेव्हा त्याला आत कुठेतरी एक बारीक आनंदही झाला, हे त्यानं स्वतःपासून लपवलं नाही. आणि त्या आनंदामागोमाग अशी काही किळस आली की तो उठून फाटकापर्यंत जवळजवळ पळतच गेला.

घरी बायको बाजारात गेली होती. बाबा खिडकीशी. त्यानं स्टूल ओढलं, त्यांच्या बऱ्या कानाशी बसला आणि एका दमात सांगितलं: चौकातला दगड, दोन नावं, अर्ज, दफनभूमी, माळी. बाबा ऐकत होते. अर्ज हा शब्द आला तेव्हा त्यांनी पांघरुणावरचा हात उचलला आणि तसाच अधांतरी धरला.

"काय लिहिलंस अर्जात?"

"नाव दोनदा आलंय, एक वगळा."

"कुठलं?"

"पहिल्या वेलांटीचं. तेच चूक आहे."

"चूक नाहीये ती," बाबा म्हणाले. "मी घातलीय."

खाली कुणाची तरी सायकल आपटून पडली, शिव्या ऐकू आल्या, पुन्हा शांत झालं. बाबा बोलायला लागले तेव्हा त्यांचा सूर शुद्धलेखन सांगतानाचा होता, एकेक वाक्य पुरं करून थांबण्याचा. दोघं सख्खे भाऊ होते. याच शहरातले. बाप नव्हता, आई दुसऱ्यांचे कपडे शिवायची. थोरला आधी भरती झाला. धाकट्याचा एक डोळा अधू होता, त्याला दोनदा परत पाठवलं आणि त्याचं नाव नापासांच्या वहीत गेलं. तेव्हा थोरल्यानं आपला शाळेचा दाखला त्याला दिला आणि डोळे तपासायचा तक्ता पाठ करून घेतला, वरून खाली आणि खालून वर. धाकटा दुसऱ्या गावी जाऊन भावाच्या नावानं भरती झाला. "आणि नशीब बघ, फिरून फिरून आला आमच्याच पलटणीत. एकाच नावाचे, एकाच बापाचे दोघं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, माझ्याकडे रजिस्टर होतं. रात्रीच्या गस्तीत धाकटा दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. मी बोलावलं तर पाया पडायला लागला. म्हणाला, साहेब, घरी पाठवू नका, भाऊ इथं आहे. मी कसला साहेब. पण कुणी साहेब म्हटलं की माणूस भुलतो. मी गप्प बसलो."

"मग?"

"मग मंगळवारी धाकटा गेला. थोरला माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. रडत नव्हता. म्हणाला, मेलेल्यांच्या यादीत माझं नाव लिहिणार तुम्ही. मग मी कोण? आणि तो कुठे गेला म्हणून सांगायचं आईला?" बाबांनी पांघरुणाची कड सारखी केली. "मी म्हटलं, मी बघतो. सगळे कारकून म्हणतात तसं. गुरुवारी तोही गेला. त्याचं काही सापडलंच नाही."

रफारला विचारायचं होतं की खरं नाव का लिहिलं नाहीत. विचारायच्या आधीच त्याला उत्तर दिसलं. एवढी वर्षं तो याद्या वाचत होता. खरं नाव रजिस्टरात नव्हतंच. त्या नावाचा माणूस पलटणीत कधी आला नव्हता, तो मरणार कसा? बाबा तेच सांगत होते. "तेच नाव दोनदा टाईप केलं, तर वरून एक खोडून यायचं. त्या आठवड्यात गडबडीत बऱ्याच जणांची नावं दोनदा गेली होती, वरचा माणूस नंबर बघायचा नाही, नाव दिसलं दोनदा की फुली मारायचा. एक नाव गेलं असतं तर घरी एकच पत्र गेलं असतं. आणि ती बाई दुसऱ्याची वाट बघत बसली असती. मरेपर्यंत." ते थांबले. "म्हणून धाकट्याची वेलांटी बदलली. तेवढंच माझ्या हातात होतं. फुली मारणारा क्षणभर थांबला आणि त्यानं दोन माणसं धरली. दोन पत्रं गेली. दोन पोचपावत्या आल्या. दोन्हींवर एकच अंगठा."

"तुम्ही तिला भेटलात कधी?"

"आपण या शहरात राहायला का आलो, वाटतं तुला? तुझी आई म्हणायची, नोकरीसाठी. नोकरी तिकडेही होती." एकदा ते त्या घरी गेले होते. बाई दारात शिवणयंत्र घेऊन बसली होती. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. तिनं दिलं. आणखी हवं का, विचारलं. ते नको म्हणाले आणि परत आले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले, ती गेली.

"मला कधी सांगितलं नाहीत, बाबा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, चुकीच्या शब्दाकडे बघतात तसंही नव्हे. "कुणालाच नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी दुरुस्त केलं असतं."

त्या संध्याकाळी त्याच्यानं जेववेना. बायकोनं कपाळाला हात लावून बघितला, तो म्हणाला, ऊन लागलं. आडवा पडल्यावर त्याला तो तंबू दिसत राहिला. दहाव्या वर्षी दिसला होता तोच, पण आता त्यात माणूस होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, बायको तिकडे गावी पोटुशी, त्या पोटात आपण. समोर यंत्र, बाजूला नावांच्या चिठ्ठ्या, आणि बोट एका कळीवर थांबलेलं. चुकलेला शब्द वीस-वीस वेळा लिहवून घेणाऱ्या त्या हातानं जाणूनबुजून एक चूक केली, आणि ती चूक टिकावी म्हणून जन्मभर तोंड मिटून घेतलं. आपण मात्र सातचा आकडा ठोकून दिला. आणि ती वेलांटी पन्नास वर्षं उन्हापावसात कुणी न वाचता सुखरूप राहिली, तिला पकडलं ते बाबांनीच तयार केलेल्या डोळ्यांनी. यात हसण्यासारखं काहीतरी होतं, पण त्याला हसू आलं नाही. त्याला त्या शून्याची आठवण झाली, औषधातल्या. तो शून्य काढला म्हणून मुलं जगली. ही वेलांटी काढली तर एक माणूस, जो कागदावर कधी जन्मलाच नाही, तो आता मेलाही नाही असं होईल. आणि हे त्याच्या सहीनं होईल. खाली तारीख.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच तो दारात होता. बाईंनी ओळखलं, हसल्या, म्हणाल्या, तुमचा अर्ज मंजूर झाला, यादी शुक्रवारीच दगडवाल्याकडे गेली. "मला तो परत घ्यायचाय," तो म्हणाला. बाईंचं हसू मावळलं. कारण लेखी द्यावं लागेल, त्या म्हणाल्या, नाव काढायला एक सही पुरते, परत घालायला तीन लागतात. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. तो कागद बघत बसला. खरं लिहावं तर चौकशी होईल, मग जुनी रजिस्टरं निघतील, आणि फुली मारायला कुणीतरी पुन्हा पेन उघडेल. दोन वेगळी माणसं आहेत असं लिहावं तर पुरावा मागतील. खोटं लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहून चालणार नव्हतं. त्यानं टोपण काढलं आणि लिहिलं: माझी वाचनात चूक झाली. दोन्ही नावं बरोबर आहेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

बाईंनी वाचलं, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तुमची चूक?"

"हो."

"छापखान्यात मुद्रितं तपासता ना तुम्ही? अर्जात लिहिलं होतंत."

"हो. तेच करतो."

"औषधांची?"

"औषधांचीही," तो म्हणाला. त्याचे कान तापले होते. मागे रांगेत दोनजण उभे होते, त्यांतला एक हसला. बाईंनी फोन उचलला. दगडवाला भेटेना, मग त्याचा माणूस भेटला, तो फोन धरून ठेवा म्हणाला. रफार टेबलासमोर उभाच होता. फोनमधून लांबवर छिन्नीचा ठोका ऐकू येत होता, की त्याला तसं वाटत होतं. शेवटी बाई फोनवर म्हणाल्या, "तिसरी रांग अजून घेतली नाही ना? मग जुनी यादी धरा. हो, जशी होती तशी. नाही, नाही, आमच्याकडे एका गृहस्थांची चूक झाली." फोन ठेवून त्यांनी त्याच्या कागदावर शिक्का मारला आणि जरा मवाळ आवाजात म्हणाल्या, "होतं असं. वयानुसार डोळे तपासून घ्या." त्यानं आभार मानले. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्याला जाणवलं की शर्ट पाठीला चिकटला आहे.

पुढच्या रविवारी त्यानं टॅक्सी केली. बाबांना दोन जिने उतरवायला अर्धा तास लागला. बायकोनं एका बाजूनं धरलं, त्यानं दुसऱ्या. "कुठे नेताय त्यांना एवढ्या लांब?" तिनं विचारलं. बाबाच म्हणाले, "दुसरीकडे. तुझ्या सासूची परवानगी आहे." फाटकाशी माळ्यानं त्यांना पाहिलं आणि धावत जाऊन खुर्ची आणली, पण ते बसले नाहीत. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत कुंपणापर्यंत गेले. रुमाल त्यानं ओला करून दिला. त्यांना वाकता येईना म्हणून दगड त्यानंच पुसला, नाव, वय, आकडा, आणि बाबा वरून सांगत होते, डावीकडे राहिलं, खाली राहिलं.

मग ते म्हणाले, "त्याचं खरं नाव त्यानं मला एकदाच सांगितलं होतं. कुठे लिहायचं नाही, या बोलीवर." आणि त्यांनी ते घेतलं. साधं नाव होतं, दोन अक्षरी, अंगणातून हाक मारायला सोपं. रफारनं ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांसमोर अक्षरं उभी राहायला हवी होती, कोणतंही नाव ऐकलं की राहायची; या वेळी राहिली नाहीत. एक चेहरा मात्र जवळजवळ दिसला, एका डोळ्यानं नीट न बघणारा, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलेला.

"आता तू घे," बाबा म्हणाले. "मला ऐकू जाईल असं."

त्यानं नाव घेतलं. बाबांनी कानामागे हात नेला. त्यानं पुन्हा घेतलं, मोठ्यानं, आणि पलीकडच्या ओळीत पाणी घालणाऱ्या माळ्यानं मान वर करून पाहिलं.

"हां," बाबा म्हणाले. "असंच." आणि खुर्ची कुठे आहे म्हणून विचारू लागले.